अवसराची गोळी

कोंडवण्याच्या तिठ्यावर एसटी वळते, तिथं चिऱ्याच्या भिंतीचं एक मेडिकल आहे. आत तीन पावलं रुंद, चार पावलं खोल. औषधांचा फ्रिज, कुरकुरणारा पंखा आणि काउंटरमागे राजश्री मोहिते. अंगानं काटकी, केस करकचून बांधलेले, आणि तोंड असं की माणूस आधी तिची बोलणी खातो, मग गोळी.

सावर्ड्याला तिनं डी.फार्म. केलंन, रत्नागिरीत एका दुकानात सहा वर्षं नोकरी केलीन, मध्येच लग्न केलंन, दोन वर्षांत नवरा सोडलान. का सोडलास म्हणून विचारलं तर "घोरायचा" एवढंच सांगते. मग गावात येऊन दुकान घातलंन. बौद्धवाडीतली पोर मेडिकल घालते म्हटल्यावर वरच्या वाड्यांतल्या लोकांनी सहा महिने देवरुखला खेपा घातल्या. बारा किलोमीटर जायचं, बारा यायचं. गुडघे बोलायला लागले तशी एकेक स्वारी पाखाडीच्या पायऱ्या उतरून तिठ्यावर आली. "गोळी पाकिटात असते, तिला कोणाचा हात लागत नाय," असं एकमेकांना समजावत आली. राजश्रीच्या कानावर ते गेलंच.

"व्हय," ती म्हणाली, "आणि पोटात गेल्यावर ती इचारत बसत नाय, तू कुठल्या वाडीचा."

तिचा खरा जीव अडकलेला साखरेवाल्या म्हाताऱ्या माणसांत. साखर वाढली तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. पाय काळा पडतो, डोळा जातो, डॉक्टर ओरडतो. साखर उतरून माणूस मरतो हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. राजश्रीनं ते बघितलेलं. रत्नागिरीत नोकरीला असताना एक निवृत्त तलाठी तिच्याकडून महिन्याच्या गोळ्या न्यायचा. एकटा जीव. एके दिवशी गोळी घेतलीन, जेवायचा कंटाळा केलान, आणि मोरीत पडला. तिसऱ्या दिवशी वासावरून कळलं. त्या गोळ्या राजश्रीनंच पिशवीत घालून दिल्या होत्या, एक शब्द न बोलता.

म्हणून इथं दुकान घातल्यावर ती बोलायला लागली. पण भाषाच आडवी आली. आमच्याकडे 'साखर कमी झाली' म्हणजे आनंदाची बातमी. ती कळवळून सांगायची, "आजोबा, गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर कमी होईल हां." की आजोबा दात नसलेलं तोंड उघडून हसायचे. "व्हऊ दे की गो. त्याच्यासाठीच तर घेतंय." एकानं तर हे ऐकून दोन दिवस मुद्दाम उपास काढलान. साखर आणखी कमी होऊ दे म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याला नातवानं खांद्यावर टाकून देवरुखला नेलंन.

मग राजश्रीनं तो शब्दच टाकलान. साखरेचं नावच घ्यायचं नाही. काय होतं ते करून दाखवायचं. काउंटरमागे उभी राहून ती हात थरथरवायची, डोळे फिरवायची, कपाळावरचा घाम पुसल्यासारखं करायची, असंबद्ध बडबडायची. म्हाताऱ्या फिदीफिदी हसायच्या. "अगो, मेडिकलवालीच्या अंगात आलं बघ!" हसल्या तर हसल्या, लक्षात राहतं. आणि वर एक ओळ पाठ करून घ्यायची. ती बिनचूक म्हणून दाखवल्याशिवाय पिशवी हातात मिळायची नाही.

"गोळी घेतली नि जेवलं नाय, तर पयला घाम, मग थरथर, मग बडबड, मग आडवं."

"आणि काय करायचं?"

"शुद्धीत हाय तवर तीन चमचे साखर पाण्यातून. पंधरा मिनटांनी पुन्हा बघायचं. मग जेवायला घालायचं."

"आणि शुद्ध गेली असंल तर?"

"तोंडात कायपण ओतायचं नाय. गाडी बोलवायची."

शाळेत कधी न गेलेल्या बाया हे घडाघडा म्हणायच्या. त्यात सगळ्यात चोख पाठांतर गोरुलेवाडीच्या सीतेचं. विठू गोरुलेची बायको. सासूच्या गोळ्या न्यायला तीच यायची. राजश्रीनं तोंड उघडायच्या आत सीता म्हणून मोकळी.

सासू म्हणजे आनंदीबाई. वय पंचाहत्तरच्या आसपास. नवरा जाऊन चाळीस वर्षं झालेली. घरात तिची जागा पडवीतल्या कोपऱ्यात, पाट्या-वरवंट्याच्या शेजारी. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिची थाळी, तीसुद्धा सीतेला आठवली तर. गोळी मात्र सात वाजता ठोक. डॉक्टरनं सकाळी-संध्याकाळी लिहून दिलेली, म्हातारी देवाचं तीर्थ घ्यावं तशी घ्यायची. पेज मिळायची दहाला. राजश्रीनं हे खोदून खोदून काढलंन. रक्ताचा कागद बघितलान, म्हातारीचं मूत्रपिंड थकलेलं. तसल्या मूत्रपिंडातून ही गोळी लवकर निघत नाही, दिवसभर अंगात राहून साखर ओढत बसते. तिनं डॉक्टरांना चिठ्ठी लिहिलीन, फोन केलान, त्यांची बोलणी खाल्लीन, पण दोनाची एक गोळी करून घेतलीन.

"उरलेल्या गोळ्या परत आणून दे," सीतेला तिनं बजावलंन.

"व्हाळात टाकल्या, पाण्यातून गेल्या," सीता म्हणाली.

त्यानंतरच्या शिमग्यात वाघजाईची पालखी गोरुलेवाडीत आली. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर गोरुल्यांच्या घरात रीत अशी, की पालखी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, टेकेपर्यंत घरातल्या सगळ्यात वडील माणसानं अन्नाला शिवायचं नाही. वडील माणूस म्हणजे आनंदीबाई. वर्षातून तेवढ्या एका दिवशी ती वडील. पालखी दहाला यायची, ती खालच्या वाडीत नाचवत राहिले, तीन वाजले. म्हातारीनं सातला गोळी घेतली होती.

पालखी खळ्यात टेकली आणि आनंदीबाई घामानं न्हाली. मग हात थरथरायला लागले, मान गदगदा हलायला लागली. ढोल थांबला. बायका मागं सरल्या. "अवसर आला!" कोणीतरी ओरडलं. अंगात देव आला की आमच्याकडे त्याला अवसर म्हणतात. पुरुष, बाया, पालखीचे भोई, सगळे हात जोडून उभे.

"गडगा," म्हातारी बडबडली. "गडगा सरकवलान माजा. मुडदा बशीवला त्याचा."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या भावकीतल्या दत्तारामनं कुंपणाचा गडगा दर पावसाळ्यात हातभर आत ढकलत गोरुल्यांची आंब्याची दोन कलमं आपल्याकडे घेतली होती. म्हातारी रोज उठून त्याच्या नावानं ठणाणा करायची, कोणी कान देत नव्हतं. आता तेच देवी बोलत होती. दत्तारामला घाम फुटला. भर उन्हात तो म्हातारीच्या पायांवर आडवा झाला. "चुकलो माये. सरकवतो. उद्याच सरकवतो." त्याच्या मागोमाग विठू पाया पडला, सीता पाया पडली. गुरवानं म्हातारीच्या तोंडात प्रसादाचा गूळ कोंबलान, एकदा, दोनदा. थोड्या वेळानं थरथर थांबली. देवी गेली म्हणून लोकांनी पालखी उचलली.

राजश्रीला हे त्याच संध्याकाळी विठूनंच सांगितलंन. आईच्या थकव्यासाठी काहीतरी पावडर न्यायला तो तिठ्यावर आला, आणि छाती फुगवून बोलत सुटला. "घाम काय, थरथर काय! आणि बोलणं? दत्तारामाचा मुतायचा बाकी राहिला!"

राजश्रीनं शटर अर्धं ओढलंन, साखर मोजायचं यंत्र घेतलंन आणि पाखाडी चढून गोरुल्यांच्या खळ्यात जाऊन उभी राहिली. लोक अजून तिथंच चहा पीत होते. म्हातारीच्या बोटाला सुई टोचलीन. आकडा आला अठ्ठावन्न, सत्तरच्या खाली गेला की धोका. गूळ खाऊन अठ्ठावन्न.

"ही देवी नव्हती," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "उपाशीपोटी गोळी होती. तुमच्या गुळानं वाचली म्हातारी. रात्री पुन्हा असाच घाम सुटंल, तेव्हा तिला दर दोन तासांनी खायला घाला, नायतर जाईल."

मग दत्ताराम उठला. गुडघ्यावरची माती झटकलीन. "काय म्हणालीस? गोळी?"

"गोळी."

"आयकलात काय रे सगळ्यांनी? गोळी व्हती! मग मी गडगा कशाला सरकवू? गोळीच्या पाया पडलो व्हय मी?"

विठू राजश्रीच्या अंगावर आला. "तुला कोणी बोलावलान? तुमच्या लोकांनी देव सोडलेत. तुला अवसरातला काय ढेकळा कळणार?"

"देव सोडले, डोकं नाय सोडलं," राजश्री म्हणाली आणि यंत्र डब्यात घातलंन.

गावकर मध्ये पडला. गावकर म्हणजे गावातला पहिला मानकरी, त्याचा शब्द शेवटचा. त्यानं निवाडा दिलान, तो असा. शिमग्याच्या शेवटच्या दिवशी पालखी देवळात परत बसते. त्या दिवशी सगळ्या गावापुढं, देवळासमोरच्या सहाणेवर, पालखी टेकते त्या पटांगणात, अवसर पुन्हा आला तर ती देवी. दत्तारामनं गडगा मूळ जागी न्यायचा. नाही आला तर ती गोळी. आठ दिवस होते.

त्या रात्री सीतेनं म्हातारीला दर दोन तासांनी खायला घातलंन. एवढी माया तिला कधी आली नव्हती. पुढचे आठ दिवस थाळी आधी सासूची, मग नवऱ्याची. गावातल्या बाया कुंकू घेऊन यायच्या. म्हातारीला पडवीच्या कोपऱ्यातून उठवून ओटीवर चटई टाकून बसवलंन.

राजश्री झोपेतूनही तेच बघत होती. सीतेनं काय पाठ केलंय ते तिच्याएवढं कोणाला ठाऊक? गोळी घेतली नि जेवलं नाय, तर घाम, मग थरथर, मग बडबड. तिनं शिकवलेलं ते सावध राहायला. तेच उलटं वाचलं की अवसर आणायची कृती. आणि दोनाची एक गोळी झाल्यापासूनच्या उरलेल्या पट्ट्या घरात असणार, व्हाळात नव्हे.

ती पोलीस पाटलाकडे गेली. तो म्हणाला, लिहून दे. तिनं लिहून दिलंन. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवलीन आणि म्हणाला, "शिमगा होऊ दे, मग बघू."

घरी बापानं, आप्पानं, तिला समोर बसवलंन. आप्पा मुंबईत गोदीत हमाली करून आलेला, मोजकं बोलणारा माणूस. "माझा बापूस त्या पालखीपुढं मशाल धरायचा. वाकून धरायची, ताठ उभा राहिलास तर पाठीत लाथ. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा मशाल सहाणेवर ठेवलीन आणि आला तो आला. त्या दिवसापासून आपण त्या वाटेला गेलो नाय. तू जाऊ नको."

"म्हातारी मरेल, आप्पा."

"त्यांची म्हातारी हाय."

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी राजश्री गोरुलेवाडीत गेली. विठू-सीता देवळाकडे सारवायला गेलेली. आनंदीबाई ओटीवर एकटी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, विधवेच्या. राजश्री पायरीवर बसली.

"आजे, उद्या गोळी घेऊ नको. घेतलीस तर आधी पेज खा. कोण काय बोललं तरी खा."

"खाल्लं तर अवसर येयाचा नाय ना?"

"म्हणजे तुला ठाऊक हाय?"

"मी म्हातारी हाय, येडी नाय. सीता रोज तुजीच ती ओळ म्हणते बसून."

"मग मरायचं हाय तुला? आजे, देवी-बिवी काय येत नाय. डोक्याला खायला मिळत नाय म्हणून डोकं आचके देतं. कुत्र्याला उपाशी ठेवून ही गोळी घातली तर तो पण असाच थरथरंल."

"कुत्र्याच्या पाया पडत नाय कोण," आनंदीबाई म्हणाली. "माज्या पडले. दत्ताराम पडला. विठू पडला. सीता पडली गो, सीता! परवा माजे पाय दाबलेन तिनं. चाळीस वर्सात मना कोणी, जेवलीस काय गो, इचारलान नाय. आता आठ दिवस पयली थाळी माजी."

"उद्यानंतर कोण इचारंल?"

"उद्या गडगा माज्या कलमापलीकडं जाईल. मग काय व्हयाचा ता व्हऊ दे."

"गोळ्या कुठायत?"

म्हातारीनं कनवटीवर हात घट्ट दाबलान. राजश्रीनं पदर ओढलान, म्हातारी तिच्या मनगटाला चावली. चार दात उरलेले, ते चारही रुतले. राजश्रीनं तरी कनवट सोडवून पट्टी काढून घेतलीन. आठ गोळ्या होत्या.

"घे," म्हातारी दम खात म्हणाली. "सीतेच्या डब्यात अजून हायत."

दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात सहाणेवर मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी. पालखी चौथऱ्यावर, गुलालानं माखलेली. एका बाजूला दत्ताराम हाताची घडी घालून. दुसऱ्या बाजूला गोरुले, मधोमध पाटावर आनंदीबाई, नवं हिरवं लुगडं नेसवलेली. आदल्या दुपारपासून पोटात काही नाही. अवसर काढायचा तर कडक उपास हवा, असं सीतेनं सगळ्यांना सांगितलेलं. सकाळी सातला एकाऐवजी दोन गोळ्या, हे सांगितलेलं नाही.

राजश्री गर्दीच्या कडेला, खांद्याच्या पिशवीत ग्लुकोजची पावडर, पाण्याची बाटली आणि यंत्र. लोकांनी तिला बघितलं, आणि तिच्या आजूबाजूला आपोआप हातभर मोकळी जागा झाली.

घाम आला. मग थरथर. सहाणेवर एकच कालवा उठला. दत्तारामाचं तोंड उतरलं. गावकर पुढं झाला, हात जोडलेन आणि गाऱ्हाणं घातलंन, "बा वाघजाये, तू गावाची राखणदारीण. गडगा कोणाचा, ता तुज्या तोंडान सांग गे माये."

म्हातारीचे ओठ हलले. गुरव वाकून कान लावून उभा.

"काय म्हणते?"

"पेज," गुरव म्हणाला.

"काय?"

"पेज म्हणते."

"देवी पेज मागील काय रे बैला? नीट आयक."

गुरवानं पुन्हा कान लावलान. "पेज... नाय, पूज म्हणते. पूज. पूजा मागते."

"पूजा म्हणजे कोंबडा," एक मानकरी म्हणाला.

"कोंबडा नाय, बोकड. गडग्याचा विषय मोठा हाय," दुसरा म्हणाला.

"बोकड कोण देणार? दत्ताराम की विठू?"

त्यावर वाद सुरू झाला. पाटावरच्या म्हातारीची मान एका बाजूला कलायला लागली. तिचा आवाज थोडा मोठा झाला. जवळच्यांना ऐकू गेलं, राजश्रीलाही गेलं. "सीते... वाईच पेज वाढ गो... कालपास्ना..."

सीतेनंही ते ऐकलंन. ती वळून ढोलवाल्यांवर ओरडली, "वाजवा रे! देवी बोलते नि तुम्ही बघत काय रवलात? वाजवा!" ढोल असे कडकडले की पुढचं कोणालाच ऐकू गेलं नाही.

राजश्री घुसली. कोपरं मारत, पायांवर पाय देत. विठूनं दोन्ही हात पसरून तिला अडवलंन. "शिवू नको! देवी हाय अंगात. तू शिवायचं नाय!"

"देवी कवाच गेली. आता तुजी आयस चाललीय. सर बाजूला."

"शिवू नको सांगतोय ना!"

तेवढ्यात म्हातारी पाटावरून खाली घसरली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. गुरव तांब्यातलं तीर्थ तोंडात ओतायला वाकला. राजश्री विठूच्या काखेखालून गेली आणि तांब्याला लाथ मारलीन. वाघजाईचं तीर्थ सहाणेवर सांडलं. गर्दीतून एक आवाज निघाला, जनावरांच्या गोठ्यातून निघतो तसा. कोणीतरी तिच्या केसांना धरून ओढलं, कोणाची तरी चप्पल पाठीत बसली. तिनं म्हातारीला कुशीवर केलंन, ग्लुकोज थेंबभर पाण्यात कालवून बोटानं गालाच्या आत चोळलंन, आणि बोटाला सुई टोचलीन. आकडा सव्वीस.

"एकशे आठला फोन करा," ती ओरडली. शंभर मोबाईल अवसराचा व्हिडिओ काढत होते. फोन कोणी केला नाही. शेवटी तिनंच केलान, एका हातानं, दुसरं बोट म्हातारीच्या गालात.

गाडीला पन्नास मिनिटं लागली. वाटेवरच्या तीन गावांत शिमगा होता. देवरुखहून पुढं रत्नागिरीला हलवलं. आनंदीबाई अकरा दिवस तिथं होती. साखर त्यांनी वर आणली, डोकं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदू फार वेळ उपाशी राहिला. डोळे उघडे, गिळता येतं, बस्स. बोलणं गेलं, ओळख गेली, उजवी बाजू गेली.

गावात निवाडा झाला तो असा. अवसर खरा होता, पण बाटला. मोहित्यांच्या पोरीनं भर सहाणेवर शिवून तीर्थाला लाथ मारलीन, म्हणून देवी कोपली आणि जाताना म्हातारीची वाचा घेऊन गेली. गडग्याबद्दल देवी एक शब्द बोलली नाही, सगळ्यांनी व्हिडिओत बघून खात्री केली, तेव्हा गडगा आहे तिथंच. देवीनं मागितलेला कोंबडा मात्र द्यायलाच हवा. तो दत्ताराम आणि विठूनं अर्धा अर्धा आणला, देवळामागं कापला, आणि दोघं मांडीला मांडी लावून वड्यांबरोबर जेवले. दुकानाच्या पाटीवर कोणीतरी शेण फासलं. राजश्रीनं ते वाळू दिलंन, मग खरवडून काढलंन.

आप्पा तिला फक्त एकदाच बोलला. "त्या पयल्या दिवशी तू खळ्यात तोंड उघडलं नसतंस, तर गडगा सरकला असता, आणि म्हातारी पेज खात बसली असती."

राजश्रीनं यंत्राचा डबा पुसून पिशवीत घातलान.

हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं, आठवड्याला साखर तपासणे. म्हातारीला उचलून तिठ्यावर आणणार कोण? विठूची पाठ दुखते. म्हणून दर बुधवारी दुपारी दुकान बंद करून राजश्री गोरुलेवाडीत जाते. जाताना कोणी रामराम करत नाही. औषधाला मात्र येतात सगळे, देवरुखचे बारा किलोमीटर काही कमी झालेले नाहीत.

पहिल्या बुधवारी ती सवयीनं पायरीवरच थांबली होती. सीता आतून ओरडली, "ये गो, ये आत. आता काय अवसर येत नाय तिच्या अंगात. आता कोणी शिवलान तरी चालतंय."

आनंदीबाई पुन्हा पडवीच्या कोपऱ्यात, पण आता खाली रबरी चादर आणि भोवती मुताचा वास. सीतेचे डोळे खोल गेलेले. दर दोन तासांनी पेज भरवायची, दर तीन तासांनी कूस बदलायची, दिवसातून चार वेळा धुवायचं. विठू गुरांकडे जातो तो संध्याकाळीच येतो.

"बोट धर तिचं," राजश्री म्हणाली.

सीतेनं धरलंन. सुई टोचली, म्हातारीचा चेहरा हलला नाही. राजश्रीनं यंत्र उजेडात धरलंन.

"किती?" सीतेनं विचारलंन.

"एकशे एकेचाळीस."

"म्हणजे? बरं की वायट?"

"झ्याक हाय. छाती पण तपासून आलेय ती रत्नागिरीहून, घोड्यासारखी हाय. गोळी बंद केल्यापासनं मूत्रपिंडाला पण आराम पडलाय." राजश्रीनं रक्ताचा कापूस कागदात गुंडाळलान. "तू अशीच येळेवर भरवत रवलीस, पाठीला जखम होऊ दिली नायस, तर दहा वर्सा कुठं जात नाय ती."

सीता भिंतीला टेकून खाली बसली. "दहा?"

"बारा पण काढील."

यंत्र डब्यात ठेवून राजश्री उठली. सीता अजून सासूचं बोट धरून तशीच बसली होती, सोडायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"पुढच्या बुधवारी येते," राजश्री म्हणाली. "चादर बदल, ओली झालीय."